मऊकाका गैरहजर आहेत

सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी मऊकाका टॉवेलवर हात फिरवत होते आणि हजेरीच्या मशीनच्या मते ते कारखान्यात नव्हते.

धुऊन रंगवलेल्या कापडाला शेवटच्या हौदात मऊपणासाठी सॉफ्टनर लावतात. तो नीट लागला की नाही, हे डोळे मिटून बोटांनी सांगायचं, हे मऊकाकांचं काम. मग टॉवेलवर पाण्याचा एक थेंब सोडायचा. सॉफ्टनर जास्त झाला असेल तर थेंब मुरत नाही, मण्यासारखा बसून राहतो. तसला टॉवेल अंग पुसत नाही, नुसतं कुरवाळतो. हातमोजे घालून यातलं काही कळत नाही. बावीस वर्षं उघड्या हातांनी ओलं कापड चोळून काकांच्या बोटांवरच्या रेषा पार पुसल्या गेल्या होत्या आणि नव्या मशीनला नेमका बोटाचा ठसा हवा होता. दहाही बोटं लावून झाली. दर वेळी मशीन गोड आवाजात ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणालं.

सलग सात गैरहजेऱ्या झाल्या की नोकरी जाते. आज सहावी होती. हजेरी सांभाळणाऱ्या बाई नोटीस घेऊन काकांच्या टेबलापाशी आल्या.

“काका, ही घरी पाठवायचीय. पत्ता तोच ना?”

“अगं, मी समोर उभा आहे. इथंच दे की.”

“गैरहजर माणसाच्या हातात कशी देऊ?”

काकांना ते पटलं. त्यांनीही कधी नियम सोडून टॉवेल पास केला नव्हता. मग बाईंच्याच लक्षात आलं की सहा दिवसांचा माल गैरहजर माणसानं पास केलाय. तो पुन्हा तपासायला हवा होता आणि ते काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मऊकाकांनी सगळा माल पुन्हा तपासला. गैरहजर राहूनच.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “हातांचं कौतुक पुरे,” ती म्हणाली. “खरखरीत पायांनी दोन चादरी फाडल्यात तुम्ही. त्या मशीनला पाय दाखवा.”

सातव्या दिवशी दोघा हमालांनी काकांना काखांत हात घालून उचललं, कारण मशीन छातीच्या उंचीवर होतं. उजव्या पायाचा अंगठा टेकला. मशीननं तो ठसा काकांच्या नावावर नोंदवला आणि ‘धन्यवाद’ म्हटलं. बाईंनी नियम दोनदा वाचला. ठसा हवा, एवढंच लिहिलं होतं.

काकांना रोज उचलणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं, म्हणून मशीन जमिनीपासून वीतभर उंचीवर आणलं. आता एकशे चाळीस माणसं, मॅनेजरसकट, उकिडवी बसून बोट लावतात.

उद्या सकाळी साडेसहाला पाळी सुरू होईल. मऊकाका सहा पंचविसाला दारात उजवा बूट काढतील.