वल्ह्याला अडकलेला दामू

"भावजी, तुमचा दोस्त गेला..." जेवायला बसलेलो आणि सुनंदावहिनींचा फोन आला. मी राहतो डोंबिवलीत, कोपरला. ते ठाण्यात, कोपरीला. पोचलो तेव्हा दामूला ओटीवर ठेवलेलं. छातीत एक कळ आली, बस्स, एवढंच निमित्त. खरं सांगतो, रडू यायच्या आधी मला राग आला. अरे, नारळी पौर्णिमा तोंडावर आलीय आणि तू आत्ता निघालास?

दामू जातिवंत कोळी आणि मी चिपळूणकडचा. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात आम्ही एकत्रच लागलेलो. तिथल्याच पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये त्याचा उजवा हात गेला, कोपराच्या जरासा खाली. मी हॉस्पिटलात तोंड पाडून उभा, तर हा पठ्ठ्या म्हणतो, "आता मी कोनाला बी कोपरापासून नमस्कार करनार. खराखुरा!" हसावं की रडावं! पण वहिनी औषधं आणायला गेल्या आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. "मना बापाच्या जागेवर बसायचं होतं रं..." एवढंच म्हणाला. नारळी पौर्णिमेला खाडीत होड्यांची शर्यत होते. आळीच्या होडीत त्याचा बाप वल्हं मारायचा, त्याआधी आजा. बाप नुकताच थकून उतरलेला आणि ती जागा आता दामूला मिळणार होती. लहानपणापासून त्याला दुसरं काही नकोच होतं.

होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान, हरीमामा. माणूस सोन्यासारखा, पण जीभ म्हणजे कोयता. "दाम्या, एका हातानं टाली पन वाजत नाय, तू वल्हं काय मारशील? काठावर बस गुमान."

"टाल्या काठावरच्यांनी वाजवायच्या, मामा. मी होडीत बसनार. जागा कोनाला देऊ नको!"

झालं! स्वारी पेटली. आम्ही चामड्याची खोळ शिवून घेतली, कोपराच्या वर बांधायची. खोळीच्या टोकाला आकडा, आकडा अडकवायला वल्ह्यावर लोखंडी कडी. ती कडी मी लेथवर केली. पहिल्याच दिवशी खोळ निसटली आणि साहेब खाडीच्या चिखलात निवट्यासारखे लोळले! निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारी ती मासळी. दुसऱ्या खेपेला खोळ नायलॉनच्या दोरीने आवळली, तर हात सोलून रक्त आलं. मी म्हटलं, बस झालं आता. तो मलाच ओरडला, "तू घरी जा! तुजे दोन हात हायेत, तुला काय कललं?" त्या दिवशी मी खरंच चिडून घरी गेलेलो. सकाळी परत गेलो, तर वहिनींनी आपल्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडून त्याची खोळ बांधलेली आणि तो पाण्यात होता. असं वर्षभर चाललं. शेवटी हरीमामांनी त्याला ओहोटीच्या उलट, पुलापर्यंत वल्हवायला लावलं. पोचला! मामांनी शाबासकी नाही दिली. "शर्यतीला येलेवर ये," म्हणाले. दामूने मला एका हाताने अशी मिठी मारली की माझा श्वास कोंडला.

आणि ती शर्यत! खाडीला नारळ सोडला, होड्या सुटल्या, काठावर नुसता कल्ला. मी इतका बोंबललो की नंतर चार दिवस घसा बसलेला. आमची होडी दुसरी आली. दामू मात्र मरेपर्यंत सांगायचा, "पैलीच होती, नाकाचा फरक होता." सगळे उड्या मारून खाली उतरले, दामू आपला होडीतच! "अरं मना सोडा रं!" आकडा निसटू नये म्हणून लुगड्याची पट्टी कडीलाही बांधलेली, ती भिजून गाठ अशी आवळलेली की सुटेना. ओली गाठ आवळते हे कोळ्याच्या पोराला सांगायला लागतं का? पण आनंदात साध्या गाठीवर गाठी मारून बसलेला गडी! मी सुरी काढली, तर डोळे वटारले. "लुगडं तिचा हाय, कापायचा नाय." मग काय, वरात निघाली. हा पुढे, हाताला ते लांबलचक वल्हं, मागचं टोक मी खांद्यावर घेतलेलं. वळणावळणावर लोकांच्या वळचणींना धडका आणि बायकांच्या शिव्या. घरी ओटीवर बसला, आणि वहिनींनी सगळ्या आळीसमोर त्याला नारळी भात भरवला. त्या लाजून लाल, आणि हा तोंड उघडून "अजून!" त्याच्याइतका सुखी माणूस मी आजवर बघितलेला नाही.

पुढे म्हातारपणापर्यंत ती जागा त्याचीच राहिली. वल्हं वर्षभर त्याच्या ओटीवर टांगलेलं असायचं.

परवा मी मुद्दाम कोपरीला गेलेलो. सरावासाठी वल्हं खाली काढलेलं. दामूच्या जागी आता त्याचा पुतण्या राकेश बसणार, जिममध्ये कमावलेला गडी. दोनचारदा मारून बघितलं आणि वैतागला. "मामा, ही कडी काढून टाकू का? हाताला लागते."

हरीमामा आता काठी टेकत येतात, पण जिभेची धार तीच. "कडीला हात लावशील तर बग! ती राहनार. जागा दामूची हाय. तू आपला तिच्या बाजूनं धर. तुला तर दोन हात हायेत."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. राकेशने कडीच्या बाजूने मूठ आवळली आणि होडी पाण्यात शिरली. मी काठावर होतो. काठावरच्यांनी काय करायचं, ते दामूने केव्हाच सांगून ठेवलंय... मी टाळ्या वाजवल्या, हात लाल होईपर्यंत.