बोलायचा हात

"मना बोलाचा व्हता रं मारोती! बोलाचा व्हता म्हनून हात वर केला. मना काय ठावं, त्यांच्यान हात वर केला का होकार होतो?"

"आरं, पर समद्यांचंच हात वर गेल्यावर तुला कळंना व्हय? एवढी मानसं काय बोलायला आल्याली?"

"मना वाटला, सगल्यांनाच राग आलाय."

ओतशाळेमागं जेवायला बसलेले सगळे खदखदून हसले. सभा होऊन वर्ष होत आलं, तरी जेवणाच्या सुट्टीत ही उजळणी चुकत नव्हती. युनियनचा मारोती, सातारकडचा, तो मात्र हसला नाही. गोटीरामनं भाकरीवरचा सुका बोंबील तसाच ठेवून डबा झाकला.

गोटीराम आमच्या पावणे गावचा. कंपनी पंप बनवायची, आणि पंपाचे लोखंडी भाग ओतायची तिची ओतशाळा उभी राहिली ती त्याच्या भातखाचरांवर. जमिनीच्या पैशातून लग्नांनी आणि ताडीनं खाऊन जे उरलं, त्याचे त्यानं कंपनीचेच शेअर घेतले. ते बाजारात आले तेव्हा कामगारांसाठी थोडे राखून ठेवले होते. जमीन गेली, आता कंपनीत तरी आपला बांध असावा, एवढाच त्याचा विचार. त्याची बायको शांती म्हणाली, "बांधाव गवत तरी येतं. या कागदाव काय येल?"

यायचं ते दरवर्षी शेअरवाल्यांच्या सभेचं इंग्रजी पुस्तक. पंच्याऐंशी साली ते त्याला हिशेबखात्यातल्या जयप्रकाश वैद्यानं वाचून दाखवलं. मॅनेजिंग डायरेक्टरचा पगार जवळपास दुप्पट करायचा होता. वर नफ्यावर कमिशन, बंगला, गाडी, ड्रायव्हर. आणि बाकीच्या डायरेक्टरांची सिटिंग फी वाढवायची.

"सिटिंग फी म्हंजे?"

"बसण्याचे पैसे. मीटिंगला येऊन बसतात ना, त्याचे."

"बसाचं पैसं? मंग आमची धोंडूबाय रोज नाक्याव मासली घेऊन बसते, तिनी काय पाप केलाय?"

गाव आठवडाभर पोट धरून हसलं. मग हसू आटलं. गोटीरामचा धाकटा भाऊ कान्हा आणि गावातली आणखी काही पोरं सहा वर्षं त्याच ओतशाळेत टेंपररी होती. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा पहिल्यापासून. पर्मनंट करा म्हटलं, की हाच मॅनेजिंग डायरेक्टर साहेब म्हणायचा, कंपनीला परवडत नाही. टेंपररी पोराला सोयरीक कोण देणार? कान्हा तिशीला टेकला होता.

मरीआईच्या देवळात बैठक बसली. शेअरवाला गावात एकटा गोटीराम. त्यानं सभेत उठून एकच वाक्य विचारायचं ठरलं: साहेबाचा पगार परवडतो, तर आमची पोरं का परवडत नाहीत? कान्हानं ते त्याच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं.

आमच्याकडं बैठकीत कुणी मधेच तोंड घालत नाही. बोलायचं असेल त्यानं हात वर करायचा, आणि पाटील नाव घेईस्तोवर वरच ठेवायचा. होकाराला हात लागत नाही. कुणी बोललं नाही, की तोच होकार.

सभा मुंबईला फोर्टात, बर्फासारख्या गार हॉलमध्ये. चेअरमन इंग्रजीत बोलत होता. गोटीरामला त्यातलं मॅनेजिंग डायरेक्टरचं नाव तेवढं कळलं आणि तो सावध झाला. चेअरमननं काहीतरी विचारलं, आणि हॉलभर हात वर गेले. गोटीरामची छाती फुगली. एवढ्या लोकांना बोलायचंय! तो उभाच राहिला, हात सगळ्यांच्या वर. चेअरमननं त्याच्याकडं बघितलं आणि तो हसून दोन शब्द बोलला. टाळ्या पडल्या. सगळे हात खाली आले. गोटीरामचा वरच, त्याचं नाव अजून कुणी घेतलं नव्हतं. शेवटी मागच्यानं सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

तरी तो वाट बघत राहिला. पुढचे ठराव झाले, आभार झाले, वेफर्सच्या पुड्या वाटल्या. दारात सह्या घ्यायला उभ्या असलेल्या जयप्रकाशला त्यानं गाठलं.

"काय बोल्ला तो मना?"

जयप्रकाशनं आधी इकडंतिकडं पाहिलं. "म्हणाला, बघा, आमचा कामगारसुद्धा उभा राहून पाठिंबा देतोय."

पुढच्या महिन्यात मारोती पोरांचं बोलायला गेला, तर साहेबानं त्याला हेच ऐकवलं. दिवाळीआधी टेंपररी पोरांना ब्रेक दिला, आणि नंतर कुणाला परत बोलावलंच नाही. कान्हा न्हावा शेव्याला बंदराच्या भरावावर दगड उचलायला गेला. निघताना म्हणाला, "दादूस, तुना एक वाक्य दिला व्हता." त्यानंतर तो सणालाही घरी आला नाही.

"मी जयप्रकाशला बोल्लो," गोटीराम डब्याकडं बघत मारोतीला सांगू लागला, "यंदाचे सभेला जातो, उठून सांगतो, माजी चूक जाली. तो बोल्ला, गोटीराम, तू हात खाली ठेवला असतास तरी ठराव होणारच होता. मोठ्या शेअरवाल्यांचा आधीच ठरलेला असतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"मंग? बरं वाटलं असंल की जरा."

"बरा? आरं, माजे चुकीनं जाला असता तर यंदा सुधारला असता. माजे चुकीनं जालाच नाय, तर सुधारू काय?"

मारोतीनं तंबाखूची डबी उघडली, त्याच्यापुढं धरली. गोटीरामनं नको म्हणून मान हलवली.

भोंगा झाला. आत भट्टीत लोखंडाचा रस होत आला होता, आणि दुपारच्या साच्यांच्या पेट्या अजून रिकाम्या पडल्या होत्या. गोटीराम उठला, धोतर वर खोचलं, पेटीत रेती ओतली आणि पायानं चेपू लागला.