पर्सचे चुंबकी बटण

१४ मार्च २००६, सकाळचे अकरा चाळीस. त्या मिनिटाला मी जे बोलले ते खोटे होते — हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगते आहे.

इरुंगाट्टुकोट्टैच्या औद्योगिक वसाहतीत, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या चाचणी-प्रयोगशाळेत मी होते. पदार्थविज्ञानात एम.एस्सी., पंचविशीची, पुढे जायच्या घाईत. चाचण्यांच्या साऱ्या फाइलींची दर सोमवारी टेपवर प्रत निघे. त्या टेपवरून फाइली परत उघडून पाहायच्या आणि नोंदवहीत 'तपासल्या' या रकान्यात आकडा लिहायचा, हे काम माझे. त्याला चाळीस मिनिटे लागत. मी एकही फाइल न उघडता शेजारच्या 'उतरवल्या' रकान्यातला, म्हणजे टेपवर घेतलेल्या फाइलींचा, आकडाच पुढे ओढत असे — आठ महिने. नीटनेटक्या अक्षरात. त्या अक्षराची मला आज शिसारी येते.

मार्चमध्ये सर्व्हरची डिस्क गेली. टेप लावल्या, एकही वाचता येईना. टेपयंत्राचे हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा भागच, खराब होते. पहिल्याच सोमवारी एक फाइल उघडली असती, तर कळले असते. मला ते तासाभरात उमगले. मग मी काय शोधत होते? कारण नव्हे — दोष द्यायला माणूस.

टेप बसने मैलापूरच्या कार्यालयात नेऊन ठेवत त्या सेल्वी अक्का, आमच्या कंत्राटी टंकलेखिका. त्यांच्या पर्सला चुंबकी बटण होते. टेप कशाने गेल्या हे ठरवायला साहेबांनी बोलावलेल्या बैठकीआधी मी ती पर्स जरा पाहायला मागितली.

"घे मा, टिफिन तेवढा सांडू नकोस," त्या हसल्या. "लिंबूभात आहे. खाऊन टाकलास तरी चालेल."

मी पर्समध्ये टेप ठेवली, टेपपाशी चुंबकीय क्षेत्र मोजणारा गॉसमीटर धरला आणि आकडा माझ्या वहीत लिहिला.

नंतर बैठकीत मी सांगितले, पर्सच्या बटणाने टेप पुसल्या गेल्या — चुंबकीय क्षेत्र, टेपवरचा थर, फळ्यावर आकृतीसुद्धा. किती सफाईने. विज्ञान शिकले ते यासाठी? साहेबांनी मान डोलावली. अक्कांना माझे इंग्रजी नीट कळले नाही. पर्स मांडीवर धरून त्या माझ्याकडेच पाहत राहिल्या, मी नंतर समजावून सांगेन म्हणून. मी सांगितले नाही. त्याच दुपारी त्यांचे काम गेले. जूनमध्ये मला बढती मिळाली. मी ती घेतली.

टेप बिघडवायला शंभराहून जास्त मिलिटेस्लाचे चुंबकीय क्षेत्र लागते, हे फळ्यापुढे उभी असताना मला ठाऊक होते. माझ्या वहीत त्या सकाळची शेवटची नोंद आहे: ०.३ मिलिटेस्ला.