फुललेला तरोटा

लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या साली पावसानं पाठ फिरवली होती. अहमदपूरजवळ पाझर तलावाच्या कामावर माती वाहणाऱ्या नागुबाईच्या मते नव्या जिल्ह्यानं गावाला एकच गोष्ट दिली : भाषण करणारा साहेब.

साहेबानं रानात मिळणाऱ्या खाण्याची महती सांगितली. तरोट्याच्या पाल्यात लोह असतं, पंख फुटलेल्या उधईत म्हणजे वाळवीत डाळीएवढी ताकद असते. वीतभर उंचीचा तरोटा कोवळा, तो बिनधास्त खा म्हणाला. नागुबाई मनात हसली. हेच खाते म्हणून मुकादम शेषेराव तिला जन्मभर किडेखाऊ म्हणत आला होता. आता तोच साहेबापुढं मान डोलवत होता.

तरी ती बोलली. "साहेब, उंची बघून चालत न्हाई. पाणी न्हाई म्हणून औंदा तरोटा वितीएवढा असतानाच फुललाय. फुललेला खाल्ला की पोट धुऊन काढतो."

"नागे, साहेब शिकलेले हायत," शेषेराव म्हणाला. "तू टोपलं उचल."

तिनं टोपलं उचललं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाची बायको शिवकांता माळावर पाला खुडताना तिला दिसली. ओच्यात पिवळी फुलं होती, शेंगाही होत्या. एक शब्द पुरला असता. नागुबाई पचकन थुंकली आणि पुढं गेली. खाऊ दे, मुकादमाच्या घरात अक्कल अशीच शिरायची.

शिवकांतानं ती भाजी दुपारी कामावरच्या चार बायांनाही वाढली. त्यांत नागुबाईची धाकटी जाऊ पारूबाई होती. दिवस मावळायच्या आत पाचही जणींना जुलाब लागले. पारूबाईला तर उभं राहवेना. नागुबाईनं तांदळाची पेज केली, मीठ-साखरेचं पाणी केलं आणि घरोघरी फिरून पाजलं. तिसऱ्या दिवशी साऱ्या सावरल्या.

"तुला ठाऊक होतं?" पेजेची वाटी खाली ठेवत शिवकांतानं विचारलं.

"हाव."

"मला बघितलंस, तरी बोलली न्हाईस."

नागुबाईनं वाटी उचलून धुवायला घेतली. शेषेरावाची किळस तिला रोजच यायची, स्वतःची त्या दिवशी पहिल्यांदा आली.

मग ती रोज सकाळी बायांसोबत माळावर जाऊ लागली. फूल दिसलं की शिव्या देत पाला फेकून द्यायची. महिन्याभरानं हे ऐकून साहेब तिचा फोटो काढायला आला, तेव्हा ती त्याच्याकडं पाठ करून खुडत राहिली.