बिनदुधाचं चॉकलेट

आमच्या वहिनी गेली बावीस वर्षं घरी केक करून विकतात. गल्लीतला एकही वाढदिवस त्यांच्या ओव्हनला चुकलेला नाही, अपवाद फक्त माझ्या मुलीचा. तिला दुधाची ॲलर्जी. गेल्या वर्षी, काळं चॉकलेट म्हणजे त्यात दूध नसणारच, असं ठरवून वहिनींनी पहिल्यांदाच तिच्यासाठी केक केला आणि दुसऱ्याच घासाला पोरीचे ओठ सुजले, श्वास अडकला. दवाखान्यातून ती सुखरूप घरी आली. वहिनी मात्र अजून तिथेच बसल्या आहेत असं मला वाटायचं.

यंदा सातव्या वाढदिवसाला पोरीने हट्ट धरला की केक काकूच्याच हातचा हवा. मी साफ नाही म्हणालो. वहिनींनी माझा हातच धरला.

"भाऊजी, एकदाच करू द्या. ती समोर आली की मला तिच्याकडे बघवत नाही हो."

मग आमची दुकानोदुकानी पायपीट सुरू झाली. चष्मा नाकावर ओढून वहिनी पाकिटांवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत. एकात दूध पावडर, दुसऱ्यात दुधाची चरबी, तिसऱ्यात काही नाही, पण तळाशी 'दुधाचा अंश असू शकतो'. एका घाऊक दुकानदाराने सुटं काळं चॉकलेट छातीठोकपणे तोलून दिलं आणि लगेच त्याच सुरीने दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी दुधाच्या चॉकलेटची लादी फोडली. वहिनींनी पिशवी तिथेच ठेवली. मी पुरता कंटाळलो होतो.

सहाव्या दुकानात, जिथे दूध येतच नाही अशा कारखान्यातलं पाकीट मिळालं. त्यावर 'कोको बटर' वाचून मी तेही परत करायला निघालो, तर वहिनींनी मला वेड्यात काढलं. ते कोकोच्या बियांतून निघतं, गाईचा त्याच्याशी काही संबंध नाही म्हणे. त्या दिवशी त्या वर्षभरात पहिल्यांदा हसल्या.

घरी त्यांनी भांडी तीनदा घासली, मिश्रणात लोण्याऐवजी तेल घातलं. केक छान फुगला. पोरीने कापला, वहिनींनी हाताने तुकडा तिच्या ताटलीत ठेवला आणि पाणी आणायला आत गेल्या. ओट्यावर लोण्याचा डबा उघडा होता. मिश्रण ओतण्याआधी साच्याला आतून लोणी फिरवायचं, ही बावीस वर्षांची सवय. हाताने ते काम परस्पर उरकलं होतं.

त्या धावत आल्या. घास ओठांपाशी पोचला होता. वहिनींनी पोरीच्या हातावर फटका मारला, तुकडा भिंतीवर जाऊन आदळला.

"काकू, मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस. माझ्या हातचं खाऊ नकोस, बाळा. कधीच."

पोर रडायला लागली. वहिनी तिला जवळ घ्यायला वाकल्या, आपल्या बोटांना केक लागलाय हे दिसलं, आणि दोन्ही हात पाठीमागे धरून तशाच उभ्या राहिल्या.