मुळासकट पुसलेली टिपणं

मला सफाईचं भारी वेड. घरातल्या नव्हे, तिथं बायको कपाळाला हात लावते. कॉम्प्युटरवरच्या. नको असलेलं अ‍ॅप कचऱ्याच्या डब्यात ओढून 'झालं!' म्हणणारी माणसं पाहिली की माझं डोकं फिरतं. अहो, त्यानं साठवलेलं सगळं मागे तसंच राहतं ना! मी टर्मिनलची काळी खिडकी उघडतो, काढून टाकायचा हुकूम टाइप करतो आणि त्यात 'झॅप' हा शब्द घालतो. मग अ‍ॅपही जातं आणि त्याच्या फायलीही जातात. नाशिक रोडच्या आमच्या ऑफिसात यावरून माझी थट्टा होते, आणि खरं सांगायचं तर मला ती आवडते.

निफाडजवळची आमची द्राक्षबाग दादा आणि वहिनी बघतात. काही वर्षांपूर्वी मी नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना वहिनीला दिला. डिसेंबरातल्या एका रविवारी गेलो, तर ती म्हणाली, "भाऊजी, लय हळू चालतंय हे. जरा बघा ना." आणि बागेतल्या बायांना चहा द्यायला गेली.

मी यादी काढली. त्यात टिपणं लिहायचं एक अ‍ॅप होतं, मीच कधीकाळी टाकलेलं आणि आठवड्यात कंटाळून सोडलेलं. हे कोण वापरतंय! वहिनी हाकेच्या अंतरावर होती, पण विचारलं नाही. माझंच अ‍ॅप, माझाच जुना लॅपटॉप, विचारायचं काय त्यात? झॅप. लॅपटॉप भराभर चालायला लागला, वहिनीनं कौतुक केलं, आणि मी वांग्याचं भरीत चापून घरी आलो.

तीन दिवसांनी तिचा फोन. "भाऊजी, माझं फवारणीचं लिहिलेलं कुठं दिसत नाय."

एक्सपोर्टच्या द्राक्षाला प्रत्येक फवारणीची नोंद लागते. कोणतं औषध, किती, कुठल्या दिवशी. तोडणीआधी माल घेणाऱ्यांचा माणूस येऊन ती तपासतो. वहिनी तीन हंगाम ही नोंद त्या अ‍ॅपमध्ये ठेवत होती, कुणी न शिकवता. शिवाय स्वतःचं बारीकसारीकही लिहायची: भुरी, म्हणजे वेलीवरची पांढरी बुरशी, आधी कुठल्या ओळीत दिसली, दव किती वाजेपर्यंत टिकलं, कशानं आटोक्यात आलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसरीकडे प्रतही नव्हती, कारण लॅपटॉप देताना ती सोय मीच बंद केली होती.

पुढच्या रविवारी पोचलो तेव्हा दादाचा पारा चढलेला होता. "तरी सांगत होतो, त्या डबड्याला हात लावू नको! दहावी शिकलेल्या बाईचं काम हाय का ते?" वहिनी खाली मान घालून उभी. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. जाणकार मीच ना! एक वाक्य बोलायचं होतं, बस. मी लॅपटॉप पुढे ओढून उगाच बटणं दाबत राहिलो.

वहिनीनंच विचारलं, "माझ्याच हातनं कायतरी चुकीचं दाबलं गेलं असंल, नाय का भाऊजी?"

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी माझ्या हातानं दिली. लाज वाटली, अजून वाटते.

औषधांच्या दुकानातल्या चिठ्ठ्या जुळवून या हंगामाची नोंद आम्ही पुन्हा उभी केली. सारी खटपट मी केली, म्हणून दादानं माझे आभारही मानले. तपासणी पार पडली, माल गेला. पण भुरीचं, दवाचं ते तीन हंगामांचं लिहिलेलं कुठल्या दुकानात मिळणार?

मागच्या महिन्यात 'आज खरं सांगायचंच' असं ठरवून गेलो. लॅपटॉपवर ते अ‍ॅप पुन्हा टाकलं, प्रतीची सोय केली, वहिनीसमोर ठेवला आणि म्हटलं, "वहिनी, परत सुरू कर."

तिनं हात मागे घेतले. "नको भाऊजी. परत माझ्या हातनं कायतरी जायचं."

"आली बघ अक्कल," म्हणत दादा हसला. त्याच्याबरोबर मीही हसलो.