बटणांची बँक

आमच्या टोळीतला सर्वांत नियमित जुगारी कधीच पत्ते खेळत नसे. दर रविवारी दुपारी राजापेठेतल्या आपल्या मॅचिंग सेंटरचं शटर अर्धं ओढून तो प्रकाशभाऊच्या माडीवर यायचा, पितळी डबा मांडीवर घ्यायचा आणि भिंतीला टेकून बसायचा. खेळणाऱ्यानं त्याच्याकडे रोख द्यायची आणि डब्यातल्या सोंगट्या घ्यायच्या. उठताना सोंगट्या द्यायच्या, रोख घ्यायची. म्हणून आम्ही त्याला बँक म्हणायचो. या नावापायी व्याकरणानं त्याला बाई करून टाकलं होतं. 'बँक आली का?' 'बँक जेवून राहिली.' त्याची त्याला तक्रार नव्हती.

पत्ते न खेळण्याचं कारण सगळ्या राजापेठेला ठाऊक होतं. लग्न नवं असताना त्यानं तीन पत्तीत वहिनीच्या पाटल्या घालवल्या. वहिनीनं त्याला शेगावच्या दिशेनं तोंड करून उभं केलं आणि पत्त्याला हात लावणार नाही, असं वदवून घेतलं. शपथ त्यानं इतकी काटेकोर पाळली की पंख्याच्या वाऱ्यानं पत्ता उडून पायाशी आला तरी तो दुसऱ्याला उचलायला लावायचा. "मी पत्त्याले हात लावत नाही म्हनलो होतो," तो सांगायचा, "जवळ बसत नाही, असं काई म्हनलो नव्हतो." वहिनीला हा कायदेशीर मुद्दा मान्य असावा, कारण आमच्यासाठी चिवडा तिच्याच हातचा यायचा.

सुरुवातीला सोंगट्या म्हणून चिंचोके होते. त्यांना टोके-किडे लागायचे, म्हणून बँकेनं ते एकदा घरून भाजून आणले आणि तिथेच घोळ झाला. आमचा गजूभाऊ, बडनेऱ्याचा, रेल्वेतला. डाव रंगात आला की त्याला काही ना काही चघळायला लागायचं. एका मोठ्या डावात पानं निरखता निरखता त्यानं आपल्या पुढ्यातले निम्मे चिंचोके कडाकडा फोडून खाल्ले. डाव जिंकला, पण खाल्लेलं वजा जाता हाती फारसं काही उरलं नाही. "अबे, भांडवल खाल्लं तू," बँक म्हणाली. भांडवल खाणं हा शब्दप्रयोग मी ऐकला होता, पाहिला त्या दिवशी.

मग दुकानातली बटणं आली. शर्टाची पांढरी बटणं रुपयाची, कोटाची काळी दहाची. पाच-सहा जणांच्या खेळाला किती सोंगट्या लागतात, यावर बँकेचं मत ठाम होतं. लहान लय, मोठ्या कमी; सुट्यांवाचून डाव अडू नये. आणि एकंदरीत? "जितक्या लागतात, त्याच्याहून थोड्या कमी." मला हे चिंगूसपणाचं वाटायचं. कारण हरणारा चिडून पुन्हा पाकिटात हात घालायला लागला की नेमकी त्याच वेळी बँक डबा झाकायची. "बटनं सरले. चहा घ्या." माणूस कुरकुरायचा, चहा प्यायचा आणि थंड व्हायचा.

एकदा बायकोच्या ब्लाउजची हुकं आणायला त्याच्या दुकानात गेलो. त्यानं खालचा खण ओढला तर तीच काळी बटणं, शिगोशीग भरलेली. मी बटणांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "असू द्या," तो म्हणाला. "सरले म्हनलं का मानूस बटनावर चिडते. पुरे झालं म्हनलं तर माह्यावर चिडते." त्या दिवसापासून मला तो फार आवडायला लागला.

पुढे प्रकाशभाऊच्या मुलानं पुण्याहून चकचकीत पेटी आणली. आत पाचशे चिप्स, रंगीत, जड, आकड्यांवाचून. कोणत्या रंगाची किंमत किती, ते आपण ठरवायचं. त्यानं आम्हाला पोकरही शिकवलं. बँक पोकरला पोकळ म्हणायची. पेटी पाहून बँकेचा चेहरा उतरला. "पाचशे? मंग नाही कवा म्हनाचं?" आम्ही हसलो.

महिन्याभरातच हसू आटलं. त्या रविवारी गजूभाऊनं आल्या आल्या सांगितलं होतं की बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन येत्या आठवड्यात आहे आणि त्याचे पैसे काढूनच आलो आहे. पोकळ त्याला जमत नव्हतं. हरला, चिप्स घेतल्या, पुन्हा हरला. तिसऱ्या वेळी बँकेनं पेटी मिटली. "चिपा सरल्या. चहा घ्या." प्रकाशभाऊ भाबडा माणूस. त्यानं पेटी उघडून खालचा थर दाखवला. "अरे, ह्या काय! कितीक पडल्या हायेत."

गजूभाऊचे कान लाल झाले. "काहून बँक? माह्यावर भरोसा नाही का?"

बँकेनं पेटी पुढे ओढली. तिनं चिप्स दिल्या. संध्याकाळपर्यंत ऑपरेशनचे सगळे पैसे गेले, बहुतेक प्रकाशभाऊकडे, थोडे माझ्याकडे. कुणीच चिवडा खाल्ला नाही.

पुढच्या रविवारी गजूभाऊ आला नाही. ऑपरेशन पुढे ढकललं, असं कुणाकडून तरी कळलं. पत्ते पिसले जात असताना बँक भिंत सोडून उभी राहिली.

"मागच्या खेपी माह्याकडून चूक झाली. निळी चिप पाचाची होती. मी गजूले पन्नासच्या भावानं देल्ली, तुमच्याकडूनबी त्याच भावानं वापस घेतली. तो हिशोब दुरुस्त करा लागते; एका चिपेमागं पंचेचाळीस वापस द्या."

त्या माणसाच्या हातून आजवर एक बटण इकडचं तिकडे झालं नव्हतं. निळी चिप पन्नासचीच होती. भाव त्यानंच आमच्यासमोर दोनदा सांगितला होता. पत्ते सुटले, पाटल्या गेल्या, पण आपला हिशोब कधी चुकत नाही, हा एवढा एक तोरा त्या माणसाला उरला होता. तोच त्यानं आमच्यापुढे काढून ठेवला. प्रकाशभाऊनं पाकीट काढलं. "होते बाप्पा चूक," तो म्हणाला. मग मीही काढलं.

बँक ते पैसे घेऊन बडनेऱ्याला गेली. गजूभाऊनं चूक झाल्याचं लगेच मान्य केलं; दुसऱ्याची चूक मान्य करायला वेळ लागत नाही. बायकोचं ऑपरेशन झालं. पुढच्या खेपेला तो रुबाबात आला आणि म्हणाला, "बँक, मोतीबिंदू माह्या बायकोले नाही, तुलेच होता." तिथून पुढे दर रविवारी, सोंगट्या मोजून घेताना, तो मुद्दाम दोनदा मोजायचा. बँक म्हणायची, "मोज बाप्पा, मोज." पेटी प्रकाशभाऊनं परस्पर पुण्याला पाठवून दिली होती, पण बटणंसुद्धा गजूभाऊ दोनदा मोजायचा. मला त्याचा राग यायचा. एकदा खरं काय ते सांगून टाकणार होतो, तर बँकेनं माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

वहिनी गेल्यावर बँक अकोल्याला, जठारपेठेत लेकीकडे राहायला गेली. खेळ मोडला. यंदा उन्हाळ्यात बँक तिकडेच वारली. तेरवीला आम्ही तिघं अकोल्याला गेलो. गजूभाऊची बायकोही आली होती. एवढ्या गर्दीत तिनं लांबूनच भिंतीवरचा लहानसा फोटो ओळखला आणि पदर डोळ्याला लावला.

निघताना गजूभाऊनं जावयाचे दोन्ही हात धरले. "तुमचे सासरे म्हंजे सोन्याचा मानूस," तो म्हणाला. "हिशोबात तेवढे कच्चे होते."

जावई आमच्याकडे पाहायला लागला.

"हो," प्रकाशभाऊ म्हणाला. "हिशोबात कच्चेच होते."

मीही मान हलवली.